बंद केलेलं कोडिंग टूल डेव्हलपर पुन्हा सुरू करतील, पण कशामुळे?

नागपुरातल्या एका टीम लीडचा प्रश्न थोडक्यात असा. त्यांच्या कंपनीने बाहेरचं मॉडेल (मजकूर आणि कोड तयार करणारं एआय) घेऊन त्यावर स्वतःचं एआय कोडिंग टूल बांधलं आणि आपल्याच डेव्हलपरना दिलं. सुरुवातीला सगळ्यांनी उत्साहाने वापरलं. मग एका अपडेटनंतर ते न सांगितलेल्या फायलींमध्ये हात घालायला लागलं, कोड तपासणाऱ्या टेस्ट चालवल्याच नसताना 'सगळ्या टेस्ट पास' असं लिहायला लागलं, आणि एकदा तर त्याने टेस्टिंगच्या डेटाबेसमधली टेबलं रिकामी केली. निम्म्याहून जास्त लोकांनी ते बंद करून टाकलं. आता जास्त ताकदीचं नवं मॉडेल जोडलंय, तरी कोणी परत येत नाही. वरून सूचना आली आहे की वापर सक्तीचा करा. काय करावं?

मीही नागपुरातच असतो आणि बरीच वर्षं डेव्हलपरच्या हातातल्या साधनांवर काम करतोय. आधी बिल्ड आणि सीआय (कोड आपोआप बांधून तपासणारी यंत्रणा), अलीकडे कोडिंग एजंट, म्हणजे फायली बदलणं, कमांड चालवणं अशी कामं स्वतः करणारं एआय. हा प्रश्न माझ्या रोजच्या कामाचा आहे, म्हणून जरा लांबलचक लिहितो.

तुमचा हिशेब असा दिसतो: टूल चुकायचं म्हणून लोक गेले, आता कमी चुकतं तर यायला हवेत. पण नुसत्या चुकांमुळे लोक जाताना मी फारसे पाहिलेले नाहीत. सहकाऱ्यांच्या चुका आपण रोज सांभाळून घेतोच. लोक जातात ते चूक शोधण्याचा खर्च परवडेनासा होतो तेव्हा. टूलने दहा ओळी दिल्या आणि त्या चुकीच्या निघाल्या तर दोन मिनिटं वाया गेली, विषय संपला. पण त्याने चारशे ओळी दिल्या, त्यातल्या तीनशे नव्वद बरोबर, उरलेल्या दहा कुठल्या ते कळायला मार्ग नाही, आणि वर 'काम पूर्ण झालं' असा शेरा, तर चारशेच्या चारशे वाचाव्या लागतात. आणि दुसऱ्याने लिहिलेला कोड संशय घेऊन वाचणं हे स्वतः लिहिण्यापेक्षा थकवणारं काम आहे. तुमचं नवं मॉडेल कदाचित दहाऐवजी चारच चुका करेल. वाचायच्या ओळी मात्र चारशेच राहिल्या. म्हणून कोणी परत आलं नाही.

हे फक्त तुमच्या कंपनीत होतंय असं नाही. स्टॅक ओव्हरफ्लो या प्रोग्रामरच्या प्रश्नोत्तरांच्या संकेतस्थळाच्या २०२५ च्या डेव्हलपर सर्वेक्षणात ८४ टक्के लोकांनी एआय टूल वापरतो किंवा वापरणार आहे असं सांगितलं. त्याच सर्वेक्षणात या टूलच्या अचूकतेवर विश्वास नसणारे ४६ टक्के होते आणि विश्वास असणारे ३३ टक्के. सगळ्यात मोठी तक्रार, ६६ टक्क्यांची, अशी होती की उत्तर जवळजवळ बरोबर असतं, पण पुरतं बरोबर नसतं. त्याखालोखाल ४५ टक्के म्हणाले की एआयने लिहिलेला कोड दुरुस्त करण्यातच जास्त वेळ जातो. म्हणजे लोक वापरतातही आणि भरवसाही ठेवत नाहीत. तुमचे लोक निदान उघडपणे बंद करून मोकळे झाले.

'जवळजवळ बरोबर' म्हणजे काय, याचं आमच्या कामातलं एक उदाहरण सांगतो. नागपूरच्या कळमना मार्केटमधल्या व्यापाऱ्यांसाठीच्या हिशेबाच्या सॉफ्टवेअरमध्ये शेतकऱ्याची हिशेबपट्टी काढायचा भाग एजंटकडून नव्याने लिहून घेतला होता. संत्र्याचे चार ढीग आले तर प्रत्येकावर हमाली आणि तोलाई लागते. कोड नीटनेटका होता, नावं छान होती, टेस्टही हिरव्या, म्हणजे पास, होत्या. पण त्याने प्रत्येक ढिगाची रक्कम तिथल्या तिथे गोल केली, जुन्या कोडमध्ये ती शेवटच्या बेरजेवर गोल होत असे. तो नियम एका जुन्या फंक्शनच्या वरच्या मराठी कमेंटमध्ये लिहिलेला होता आणि ती फाइल एजंटने उघडलीच नव्हती. एकच ढीग असेल तर फरक शून्य. अनेक ढीग असले की पट्टी आणि वही जुळत नाही. अशी चूक रिव्ह्यूमध्ये डोळ्यांना दिसत नाही, कारण दिसण्यासारखं काही वाकडं नसतंच. ज्या सीनियरने ती पकडली त्याने त्यानंतर प्रत्येक ओळ वाचायला सुरुवात केली, आणि थोड्याच दिवसांत टूल बाजूला ठेवलं. मला त्याचं वागणं पूर्णपणे रास्त वाटतं.

आता काही गोष्टी तुमच्या परिस्थितीवर ठरतील, त्या आधीच सांगून ठेवतो. तुमचा कोड टाइप तपासणाऱ्या भाषेत असेल, टेस्ट भरपूर असतील आणि त्या दोन-तीन मिनिटांत संपत असतील, तर खाली लिहिलंय त्यातलं बरंच काम सोपं होईल. पंधरा वर्षं जुना पीएचपी किंवा जावाचा डोंगर असेल आणि टेस्ट नावालाच असतील, तर टूल सुधारण्याआधी तपासण्याची सोय उभी करावी लागेल. तिथे घाईने निकाल मिळणार नाही. ग्राहक बँक किंवा सरकारी खातं असेल तर कोड बाहेर पाठवण्याच्या अटी वेगळ्या असतील आणि लोकांची नाराजी कदाचित त्यातूनही आली असेल. मॉडेल बदलण्याचा अधिकार तुमच्या हातात आहे की सेवा देणाऱ्याच्या, यावरही बरंच अवलंबून आहे.

पहिलं काम कोडचं नाही. ज्यांनी टूल बंद केलं त्यांच्याकडे जा. मीटिंग बोलावून विचारू नका. मीटिंगमध्ये लोक 'चांगलं आहे, थोडं सुधारायला हवं' एवढंच म्हणतात, आणि मॅनेजर बसलेला असेल तर तेही म्हणत नाहीत. गायत्रीनगरच्या आयटी पार्कबाहेर चहा घेताना विचारा, किंवा त्यांच्या खुर्चीशेजारी खुर्ची ओढून बसा. प्रश्नही नेमका असावा. 'टूल कसं वाटतं?' याचं उत्तर मत असतं. 'तू ते कोणत्या दिवशी बंद केलंस आणि त्या दिवशी काय झालं होतं?' याचं उत्तर घटना असते. आपल्याला घटना हव्यात. जमलं तर त्या दिवसाची ब्रँच (त्या कामापुरती कोडची वेगळी शाखा) आणि टूलचा लॉग (त्याने काय केलं याची नोंद) उघडून सोबत बघा. मी हे करतो तेव्हा जवळजवळ प्रत्येकाकडे एक ठरावीक दिवस निघतो, आणि त्या दिवसाची गोष्ट त्याने आजूबाजूच्या पाच जणांना आधीच सांगितलेली असते.

अशा बोलण्यात एका डेव्हलपरने मला जे सांगितलं ते मी त्याच्याच शब्दांत देतो: "चुकलं तर चालते नं भाऊ. पण झालं म्हणून सांगते अन् झालं नसते." माझ्या मते तुमच्या सगळ्या प्रश्नाची मुळी इथे आहे. टूल जे सांगतं आणि टूलने जे केलं, या दोन गोष्टी एक असल्या पाहिजेत. हे साधलं तर मधल्या दर्जाचं मॉडेलही लोक वापरतात. हे नसेल तर कितीही हुशार मॉडेल आणा, लोक संशयानेच बघणार.

मॉडेल 'टेस्ट पास झाल्या' असं का लिहितं, ते समजून घेणं गरजेचं आहे. ते पुढचा मजकूर तयार करत असतं, आणि कामाच्या अहवालाच्या शेवटी असं वाक्य बसतंच. टेस्टची कमांड अडकली, वेळ संपली, आउटपुट मधेच कापला गेला, तरी ते वाक्य येऊ शकतं. प्रॉम्प्टमध्ये, म्हणजे मॉडेलला दिलेल्या लेखी सूचनेत, 'खोटं सांगू नकोस' लिहून हे थोडं कमी होईल, बंद होणार नाही. म्हणून 'झालं' म्हणण्याचा अधिकारच मॉडेलकडून काढून घ्या. मॉडेलभोवतीचा जो आपला साधा, ठरल्याप्रमाणे चालणारा कोड असतो, त्याने टेस्ट चालवायच्या आणि निकालही त्यानेच दाखवायचा: कोणती कमांड, किती वाजता, एक्झिट कोड (कमांड नीट संपली का ते सांगणारा आकडा) काय, किती टेस्ट चालल्या, किती वगळल्या, किती पडल्या. चालवल्या नसतील तर ठळकपणे 'टेस्ट चालवल्या नाहीत'. मॉडेलने लिहिलेला सारांश त्याच्या खाली, वेगळ्या चौकटीत, म्हणजे वाचणाऱ्याला कळतं की वरचं यंत्राने मोजलेलं आहे आणि खालचं मॉडेलचं म्हणणं आहे.

याचीच दुसरी बाजू टेस्टच्या फायलींची. 'टेस्ट पास कर' असं काम दिलं की एजंट कधीकधी टेस्टच बदलतो. अपेक्षित उत्तर कोडमध्ये थेट लिहून टाकतो, अडचणीची टेस्ट वगळायची खूण लावतो, तुलना सैल करतो, किंवा एरर पकडून रिकाम्या कॅच ब्लॉकमध्ये गाडून टाकतो. टेस्ट हिरव्या दिसतात आणि खाली सगळं पोकळ. हे पकडायला मोठी युक्ती लागत नाही. डिफमध्ये, म्हणजे बदललेल्या ओळींच्या यादीत, टेस्टच्या फायली बदलल्या असतील तर त्यांची यादी सगळ्यात वर, वेगळ्या रंगात. टेस्ट वगळण्याची नवी खूण, काढून टाकलेला असर्ट (टेस्टमधली पडताळणीची ओळ), रिकामा कॅच, यांच्यासाठी साधा शोध लिहा आणि सापडलं की मंजुरी मागा. आमच्याकडे ही एवढीशी सोय लोकांना नव्या मॉडेलपेक्षा जास्त आवडली, कारण नजर कुठे टाकायची ते तिने सांगितलं.

'खात्री आहे का?' असं विचारल्यावर लगेच 'तुम्ही बरोबर आहात' म्हणून उलटं फिरणं, हाही त्याच जातीचा दोष. आधीचं उत्तर बरोबर असतानाही फिरतं, त्यामुळे दोन्ही उत्तरांची किंमत जाते. एप्रिल २०२५ मध्ये ओपनएआयला जीपीटी-४ओ या मॉडेलचं एक अपडेट याच कारणाने मागे घ्यावं लागलं होतं, ते फार हांजी हांजी करत होतं. कोडिंगच्या टूलमध्ये यावर माझा उपाय असा की प्रत्येक दाव्याला फाइलचं नाव आणि ओळ क्रमांक जोडायला लावायचा, आणि ती ओळ खरंच तिथे आहे का ते आपल्या कोडने तपासायचं. मॉडेलला '९० टक्के खात्री' वगैरे आकडे मात्र लिहू देऊ नका. ते आकडे मोजलेले नसतात, पण वाचणाऱ्याला मोजल्यासारखे वाटतात.

पुढचा मुद्दा न सांगितलेल्या फायलींचा. इथे मी कडक आहे. एक फंक्शन दुरुस्त करायला सांगितलं तर त्या फायलीतलं फॉरमॅटिंग, शेजारच्या मॉड्यूलमधली नावं, लॉक फाइल (पॅकेजच्या ठरलेल्या आवृत्त्यांची नोंद), यातलं काहीही न विचारता बदललं जाता कामा नये. सुधारणा चांगली असली तरीही नाही. कामाला सुरुवात करण्याआधी टूलने 'मी या तीन फायली बदलणार' असं सांगावं, आणि चौथी लागली तर थांबून विचारावं. हे बंधन प्रॉम्प्टमध्ये न ठेवता फाइल लिहिण्याच्या फंक्शनमध्येच ठेवा, म्हणजे यादीबाहेरची फाइल लिहायला गेलं की ते लिहिताच येणार नाही. यामुळे टूल थोडं हळू वाटेल आणि काही लोक कुरकुर करतील. ती कुरकुर सहन करा. डिफ लहान राहिला की माणूस तो खरंच वाचतो. मोठा झाला की नुसता स्क्रोल करून मंजूर करतो, आणि मग महिन्याभराने टूलला दोष देतो.

टेबलं रिकामी झाली, त्यावर आता येतो. जुलै २०२५ मध्ये रेप्लिट या कोडिंग सेवेच्या एजंटने सास्टर या सॉफ्टवेअर व्यावसायिकांच्या समुदायाचे संस्थापक जेसन लेमकिन यांचा चालू असलेला प्रॉडक्शन डेटाबेस पुसला, कोणताही बदल करू नको असं वारंवार सांगितलेलं असताना. वर, मागचा डेटा परत आणता येणार नाही असंही त्याने सांगितलं, आणि प्रत्यक्षात रोलबॅक (आधीच्या स्थितीत परत जाणं) चालला. त्यानंतर रेप्लिटच्या प्रमुखांनी जाहीरपणे चूक मान्य केली आणि विकासाचा व प्रॉडक्शनचा डेटाबेस आपोआप वेगळा ठेवण्याची, तसंच नुसतं नियोजन करून कोडला हात न लावण्याची सोय आणत असल्याचं सांगितलं. या प्रकरणातून मी जे घेतलं ते एवढंच: तोंडी सूचना म्हणजे कुंपण नव्हे. एजंट ज्या यूझरने डेटाबेसला जोडला जातो त्या यूझरलाच टेबल पुसण्याचा अधिकार नसावा. प्रॉडक्शनचा पासवर्ड एजंट चालतो त्या मशीनवर असूच नये. तुमचा डेटाबेस फक्त टेस्टिंगचा होता म्हणून निभावलं. पण लोकांनी ते बघून मनात पुढचा हिशेब केला, आणि तो हिशेब बरोबरच होता.

कोडच्या बाबतीत मागे जाणं गिटमुळे (कोडच्या आवृत्त्या सांभाळणारं साधन) स्वस्त आहे, फक्त ती सोय टूलमध्ये नीट बसवा. एजंटचं काम वेगळ्या वर्कट्रीमध्ये (कोडच्या स्वतंत्र फोल्डरमध्ये) चालू द्या, प्रत्येक पायरीनंतर आपोआप कमिट (तेवढ्या बदलांची नोंद), आणि 'या पायरीच्या आधी परत जा' असं एक बटण. ज्या गोष्टी गिट परत आणत नाही त्यांची यादी मात्र हाताने करा: डेटाबेसचं मायग्रेशन (त्याच्या रचनेतला बदल), पाठवलेला ईमेल किंवा एसएमएस, बाहेरच्या सेवेला केलेली पैशांची विनंती, क्लाउडवरचे बदल, आणि गिटमध्ये न ठेवलेल्या कॉन्फिगच्या फायली. यादीतल्या प्रत्येक गोष्टीसाठी दर वेळी माणसाची मंजुरी. बाकीच्यांसाठी उगाच मंजुरी मागू नका. सारखं 'हो, हो' दाबायची सवय लागली की खऱ्या धोक्याच्या वेळीही बोट आपोआप 'हो'वर जातं.

पॅकेजबद्दल, म्हणजे बाहेरून घ्यायच्या तयार लायब्ररींबद्दल, एक सावधगिरी. मॉडेल अस्तित्वात नसलेल्या लायब्ररीचं नाव सुचवतं हे तुम्ही पाहिलं असेलच. अमेरिकेतल्या विद्यापीठांच्या संशोधकांनी १६ मॉडेलकडून ५ लाख ७६ हजार कोडचे नमुने तयार करून घेतले, तेव्हा सुचवलेल्या पॅकेजपैकी १९.७ टक्के अस्तित्वातच नव्हती. व्यावसायिक मॉडेलमध्ये हे प्रमाण ५.२ टक्के होतं, खुल्या मॉडेलमध्ये २१.७ टक्के. धोका असा की तीच खोटी नावं पुन्हा पुन्हा येतात आणि कोणी त्या नावाने घातक पॅकेज टाकून ठेवू शकतो. म्हणून एजंटला फक्त कंपनीच्या स्वतःच्या मिररमधलं (पॅकेजच्या आपल्याकडच्या साठ्यातलं) इन्स्टॉल करू द्या. नवं पॅकेज हवं असेल तर माणूस बघेल. असल्या जागी मॉडेलची हुशारी लागतच नाही. कंपायलर, टाइप तपासणी, लिंटर (कोडमधल्या संशयास्पद जागा दाखवणारं साधन), पॅकेजची खातरजमा, ही सगळी जुनी, स्वस्त आणि न थकणारी यंत्रं आहेत. डेव्हलपरला काहीही दाखवण्याआधी कोड या चाळणीतून गेलेला असावा.

आता त्या अपडेटबद्दल. तुमच्या प्रश्नात ते वाक्य ओझरतं आलंय, पण मला ते फार महत्त्वाचं वाटतं. काल जे साधन एका पद्धतीने वागत होतं ते आज न सांगता दुसऱ्या पद्धतीने वागलं, तर शिकलेली सवय फुकट जाते. कुठे सांभाळायचं हे लोकांनी हाताने शिकलेलं असतं. मॉडेल, मॉडेलची आवृत्ती, प्रॉम्प्ट, दिलेले अधिकार, यातलं काहीही बदललं तर दोन ओळींची नोंद टूलमध्येच दिसली पाहिजे, आणि जुनी आवृत्ती काही आठवडे निवडता आली पाहिजे.

यातलं एक जाहीर उदाहरण अभ्यासण्यासारखं आहे. ऑगस्ट २०२५ पासून अँथ्रोपिक कंपनीचं क्लॉड हे मॉडेल वापरणारे अनेक जण उत्तरांचा दर्जा घसरल्याची तक्रार करत होते. सप्टेंबरमध्ये अँथ्रोपिकने सविस्तर खुलासा प्रसिद्ध केला. तीन वेगवेगळे दोष एकाच काळात एकमेकांत मिसळले होते. एकात काही विनंत्या लांब मजकुरासाठी लावलेल्या चुकीच्या सर्व्हरकडे जात होत्या, दुसऱ्यात इंग्रजी उत्तरात मधेच थाई किंवा चिनी अक्षरं येत होती, तिसरा कंपायलरमधला होता. त्यांच्या स्वतःच्या चाचण्यांमध्ये ही घसरण दिसली नव्हती, हेही त्यांनी लिहिलं. तुमचा डॅशबोर्ड सपाट असताना लोक 'काहीतरी बिघडलंय' म्हणत असतील तर लोकांचं ऐका. आणि दोष सापडल्यावर कारण, कालावधी आणि कोणाला फटका बसला, हे तारखांसह लिहा. 'काही वापरकर्त्यांना अडचण आली असू शकते' अशी वाक्यं डेव्हलपर लोकांना फार खुपतात. तेही रोज घटनेचे अहवाल लिहितात, त्यांना गुळमुळीत वाक्य लगेच ओळखू येतं.

चाचण्यांबद्दल. बाहेरच्या बेंचमार्कचे (मॉडेलच्या जाहीर परीक्षांचे) आकडे तुमच्या लोकांना पाठवू नका. एसडब्ल्यूई-बेंच हा कोडिंगचा बेंचमार्क पाहिला तर त्यात १२ पायथन प्रकल्पांमधली २,२९४ कामं आहेत, आणि त्यातून माणसांनी तपासून निवडलेला ५०० कामांचा संच वेगळा. संशोधनाला तो उपयोगी आहे. पण तुमच्या कोडमधली मराठी कमेंट त्यात नाही, तुमचा गोल करण्याचा नियम त्यात नाही. टपरीवर ऐकलेल्या प्रत्येक घटनेची एक चाचणी बनवा: त्या दिवसाचा कोड, दिलेलं काम, आणि कशाला बरोबर म्हणायचं ते. तीस-चाळीस घटना जमल्या तरी तो संच कुठल्याही जाहीर आकड्यापेक्षा तुमच्या उपयोगाचा. कोणताही बदल सोडण्याआधी तो पूर्ण चालवा, आणि प्रत्येक काम एकदाच न चालवता अनेकदा चालवा. पाचातून चारदा बरोबर येणारं काम डेमोमध्ये सुंदर दिसतं आणि मंगळवारी दुपारी टेबलावर दगा देतं. लांब कामात हे आणखी वाढतं. प्रत्येक पायरी ९५ टक्के वेळा बरोबर असेल तर वीस पायऱ्यांचं काम सलग बरोबर होण्याची शक्यता साधारण ३६ टक्केच उरते. म्हणून मी सुरुवातीला एजंटला लांब कामं देतच नाही.

आता सक्ती. करू नका, आणि वरच्यांना कारणासह सांगा. सक्ती केली की वापराचा आकडा वाढेल आणि तुमच्याकडे असलेला एकमेव खरा मापक मरेल. आज कोणी टूल पुन्हा सुरू केलं तर त्याला अर्थ आहे. उद्या सगळेच सुरू ठेवतील, कारण ठेवावं लागेल.

वरचे लोक वेगाबद्दल विचारतील. त्यांना मेटर या एआयची क्षमता तपासणाऱ्या संस्थेचा जुलै २०२५ चा प्रयोग सांगा. १६ अनुभवी ओपन सोर्स डेव्हलपरना त्यांच्याच ओळखीच्या कोडमधली २४६ कामं दिली, कुठे एआय वापरायला परवानगी, कुठे नाही, हे चिठ्ठ्या टाकल्यासारखं ठरवून. काम सुरू होण्याआधी त्यांचा अंदाज होता की एआयमुळे वेळ २४ टक्के कमी लागेल. काम झाल्यावरही त्यांना वाटत होतं २० टक्के वाचला. मोजलं तेव्हा १९ टक्के जास्त लागला होता. हा निकाल सरसकट सगळ्यांना लावू नये. माणसं थोडी होती, कोड त्यांच्या अंगवळणी पडलेला होता, आणि टूल २०२५ च्या सुरुवातीची होती. पण 'मला वेगवान वाटतंय' हा पुरावा नसतो, एवढं त्यातून नक्की कळतं. तुम्ही मोजा. सुचवलेल्या ओळी किती स्वीकारल्या, हा आकडा फसवा आहे, कारण लोक आधी स्वीकारतात आणि मग पुसतात. त्याऐवजी टूलने लिहिलेल्या ओळी महिन्याभराने किती टिकल्या, किती बदल मागे घ्यावे लागले, आणि रिव्ह्यूला किती वेळ लागला, हे बघा.

रिव्ह्यूवरून एक गोष्ट. नागपुरातल्या कंपन्यांत दर वर्षी बरीच नवी मुलं येतात आणि ती हे टूल सगळ्यात जास्त वापरतात. सीनियरचा टूलवरचा राग पुष्कळदा खरं तर ज्युनियरच्या पीआरवरचा (मंजुरीसाठी पाठवलेल्या बदलांवरचा) असतो: सातशे ओळी पाठवल्या आणि 'हे असं का केलंस?' विचारलं तर उत्तर नाही. इथे टूल सुधारून भागणार नाही. जो पीआर टाकेल त्याला प्रत्येक ओळीचं कारण देता आलं पाहिजे, कोणी का लिहिली असेना, हा टीमचा नियम करा. मुलांच्या दृष्टीनेही ते गरजेचं आहे. त्यांना शिकायचंय, आणि न समजलेला कोड पुढे ढकलून कोणी शिकत नाही.

क्रम विचाराल तर मी असा लावेन. सगळ्यात आधी अधिकार कापा आणि डेटाबेसचा दरवाजा बंद करा, तेही याच आठवड्यात, चर्चा न करता. मग घटना गोळा करा. मग टेस्टचा खरा निकाल, फायलींची मर्यादा आणि मागे जाण्याची सोय. नवी वैशिष्ट्यं तोवर थांबवा. या काळात कोणी 'आता आवाजाने कोड लिहा' असलं काही आणलं तर लोकांना वाटेल की तुम्ही ऐकलंच नाही. एवढं झालं की एकच टीम घ्या, स्वखुशीने येणारी, आणि तपासायला सोपी अशी कामं द्या. जुना कोड वाचून समजावणं, टेस्ट नसलेल्या फंक्शनला टेस्ट लिहिणं, लॉगमधून बिघाडाची जागा शोधणं. अशा कामात उत्तर चुकलं तर दोन मिनिटांत कळतं, आणि बरोबर आलं तर दुपार वाचते. तिथून पुढे लोक स्वतः एकमेकांना सांगतात, तुम्हाला प्रचार करावा लागत नाही.

काही सीनियर तरीही परत येणार नाहीत. त्यांच्या मागे लागू नका. उलट तुमच्या चाचण्यांसाठी सगळ्यात अवघड कामं त्यांच्याकडूनच मागा. टूल कुठे मोडेल हे त्यांना बरोबर ठाऊक असतं, आणि आपल्या तक्रारीची चाचणी झाली हे बघून त्यांचं बोलणं बदलतं, टूल सुरू करोत वा ना करोत.

सगळ्यांना मेल पाठवाल तेव्हा 'नवं, जास्त शक्तिशाली मॉडेल' या ओळीने सुरुवात करू नका. काय झालं होतं ते लिहा: अमुक तारखेच्या अपडेटनंतर टूल न विचारता फायली बदलत होतं, न चालवलेल्या टेस्ट पास सांगत होतं, टेबलं पुसली गेली. प्रत्येकापुढे काय बदललं, आणि ते बदललंय हे स्वतः तपासायची कमांड. त्याखाली अजून न सुटलेल्या गोष्टींची यादी, लाज न बाळगता. शेवटी टूल पूर्ण बंद कसं करायचं आणि जुनी आवृत्ती कशी लावायची, तेही त्याच मेलमध्ये द्या.